‘फॅशनिस्टा’ची शेपटी

प्रश्न असा आला आहे. सांगलीची एक मुलगी विचारते : मावशी कुर्ते आणि ब्लाउज शिवून देण्याचं दुकान काढते आहे, पाटीवर ‘फॅशनिस्टा’ असं नाव टाकायचं घाटतं आहे. मामांचं म्हणणं, हा शब्द टिंगलीचा आहे, टाकू नका. मावशीला भीती की हे नाव पाहून पुरुष गिऱ्हाईक दारातूनच परत फिरेल. तर या शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून, बाईपुरताच आहे का, आणि मराठीत त्याच्या तोडीचं काही आहे का?

मी पंचवीसेक वर्षं वेशभूषेचं काम करते आहे, आणि त्यातली निम्मी तरी कपड्यांविषयी लिहिण्यात गेली. हा शब्द मी स्वतः शंभरदा वापरला असेल, आणि त्यातल्या ऐंशी वेळा चुकीच्या जागी. म्हणून जरा ऐसपैस सांगते.

मामा निम्मे बरोबर आहेत.

एखाद्या शब्दाचा जन्म अमुक वर्षी, अमुक माणसाच्या हातून झाला असं सांगता येणं फार दुर्मिळ. ‘फॅशनिस्टा’बाबत ते सांगता येतं. 1993 साली स्टीफन फ्राइड या अमेरिकी पत्रकारानं जिया कॅरान्जी या मॉडेलचं चरित्र लिहिलं. जिया फिलाडेल्फियाची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कला आली, बघता बघता मोठ्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर गेली, हेरॉइनच्या आहारी गेली आणि 1986 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी एड्सनं वारली. हे सगळं लिहिताना फ्राइडपुढे एक साधी अडचण उभी राहिली. एका फोटोमागे माणसं किती असतात! फोटोग्राफर, त्याचे मदतनीस, केस करणारे, मेकअप करणारे, कपडे निवडणारे, मासिकाच्या संपादिका, एजन्सीची माणसं. प्रत्येक वेळी ही सगळी यादी लिहायची? या सगळ्या घोळक्याला मिळून एक नाव इंग्रजीत नव्हतं. त्यानं ते बनवलं : फॅशनिस्टा.

ही अडचण मला अगदी आतून कळते. माझ्या पहिल्या शूटिंगला एका मुलीला एक साडी नेसवायची होती आणि त्यासाठी खोलीत आम्ही सोळा-सतरा जण होतो. ड्रेसदादा इस्त्री तापवून उभे. मेकअपदादांचा पफ हवेतच. कुणी तोंडात टाचण्या धरलेल्या. समोरून अंगासरशी बसलेला ब्लाउज मागून चार चिमट्यांनी आवळलेला, त्यामुळे मुलीला वळायची बंदी. त्या सतरा जणांना आम्ही ‘युनिट’ म्हणायचो. सोयीचा शब्द, पण कोरडा. त्यात ती लगबग नाही आणि तो आवही नाही, म्हणजे बाहेर जगबुडी आली तरी आधी हा पदर नीट पडला पाहिजे, हा आव. फ्राइडच्या शब्दात तो आव बरोब्बर पकडला आहे, आणि तो पकडला आहे शेपटीनं. ‘-इस्टा’.

ही शेपटी स्पॅनिश. मूळ ग्रीक, तिथून लॅटिनमध्ये, तिथून स्पॅनिश-इटालियन-पोर्तुगीजमध्ये ‘-इस्ता’ म्हणून आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘-इस्ट’ म्हणून. म्हणजे आर्टिस्ट, डेंटिस्ट, टायपिस्ट यांच्या मागची तीच. मग फ्राइडनं सरळ ‘फॅशनिस्ट’ का नाही म्हटलं? कारण ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी वाचकाला ‘-इस्टा’ ऐकलं की एकच गोष्ट आठवायची : सँडिनिस्टा. निकाराग्वात ऑगुस्तो सँदिनो नावाचा एक बंडखोर नेता होता. 1934 साली त्याला मारलं गेलं. त्याच्या नावानं पुढे डाव्या क्रांतिकारकांची संघटना उभी राहिली आणि 1979 मध्ये तिनं सोमोसाची हुकूमशाही उलथवली. रेगन सरकारचा या मंडळींवर भारी राग, त्यामुळे दहा वर्षं अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत रोज सँडिनिस्टा, सँडिनिस्टा. त्याआधी अर्जेंटिनात पेरॉन या नेत्याचे अनुयायी पेरोनिस्टा होऊन गेलेच होते. अशा कानांवर ‘फॅशनिस्टा’ पडला की काय चित्र उभं राहणार? हातात बंदुकीऐवजी हेअरड्रायर घेतलेले क्रांतिकारक. फॅशन नावाच्या पक्षाचे कट्टर कार्यकर्ते. विनोद तो होता.

तेव्हा मामांना सांगा, जन्मतः शब्द टोमण्याचाच. पण तो टोमणा नटणाऱ्यांना नव्हता. तो होता फॅशनच्या धंद्यातल्या, तिलाच धर्म मानणाऱ्या लोकांना. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढे झालेला सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आता शेपटीकडून डोक्याकडे. ‘फॅशन’ म्हटलं की आपल्याला बदल आठवतो. यंदा हे, पुढच्या वर्षी ते. मूळ अर्थात बदल कुठेच नाही. लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणं, बनवणं. त्यावरून ‘फाक्तिओ’, ते फ्रेंचमध्ये झिजून ‘फासों’, आणि इंग्रजीत ‘फॅशन’. अर्थ : घडण, आकार, करण्याची रीत. आपल्याकडे ‘घडण’ हा शब्द सोनार वापरतात ना, अगदी तसा. कपड्यांची चालू रीत हा अर्थ नंतर चिकटला. गंमत म्हणजे त्याच ‘फाक्तिओ’पासून इंग्रजीत आणखी एक शब्द आला, ‘फॅक्शन’, म्हणजे राजकीय गट, तट. फॅशन आणि फॅक्शन या सख्ख्या बहिणी आहेत. फ्राइडला हे माहीत असो वा नसो, फॅशनला पक्षाची शेपटी लावून त्यानं दोघींची पुन्हा गाठ घालून दिली.

आणि हे ऐकून तर मावशी खूश होतील. लॅटिन ‘फाकेरे’ आणि संस्कृत ‘धा’ (ठेवणं, धारण करणं) हे दोन्ही एकाच आदि-धातूपासून निघालेले मानले जातात. ‘परि’ लावलेला हाच ‘धा’ म्हणजे परिधान, भोवती ठेवणं, अर्थात नेसणं. आपलं ‘पेहरणं’ आणि ‘पेहराव’ त्याच घरातले. म्हणजे ‘फॅशन हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपला पेहराव वेगळा’ असं म्हणणारे काका निदान शब्दांच्या कुळापुरते तरी हरलेच.

जुन्या मराठी छपाईत हा शब्द ‘फ्याशन’ असा दिसतो, ‘ब्यांक’ आणि ‘म्यानेजर’ यांच्या पंक्तीत. ‘फॅ’वरचा चंद्र नंतर रुळला. त्या ‘फ्याशन’मध्ये एक फणकारा आहे. ‘काय ही फ्याशन!’ हे वाक्य ‘काय ही फॅशन!’ असं म्हणून पाहा, निम्मा राग उतरतो. आमच्या आजीचा राग चंद्राशिवायचाच होता.

मग शब्द घसरला कसा? 1993 नंतर तो वर्तमानपत्रांच्या फॅशन पानांनी उचलला, कारण मथळ्यात बसायला सुटसुटीत. पुढे ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. धंद्यातल्या माणसांवरून तो धंद्याच्या गिऱ्हाइकांवर सरकला : जो नव्या चालीचे कपडे घालतो तो फॅशनिस्टा. 2009 मध्ये बार्बीच्या कंपनीनं ‘फॅशनिस्टाज’ नावाची बाहुल्यांची मालिकाच काढली. ज्या नावामागे बंदूकधारी क्रांतिकारकांची सावली होती ते सहा वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाच्या खोक्यावर आलं. मग इन्स्टाग्राम आलं आणि टोमण्याचा उरलासुरला वासही गेला. 2013 साली, शब्दाला वीस वर्षं झाली तेव्हा, फ्राइडनं ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून हा शब्द जन्माला घातल्याबद्दल चक्क माफी मागितली. अर्थात थट्टेत.

शेपटी मात्र सुटून वाट्टेल तिथे चिकटायला लागली. 2008 च्या मंदीत स्वस्तात नीटनेटकं राहणाऱ्यांना ‘रिसेशनिस्टा’ म्हणत. हिजाब घालून फॅशन करणाऱ्या ‘हिजाबिस्टा’. ब्रिटनमध्ये जेरेमी कॉर्बिन या डाव्या नेत्याचे पाठीराखे ‘कॉर्बिनिस्टा’, म्हणजे शेपटी फिरून पुन्हा राजकारणात. कॉफी करणारा ‘बॅरिस्टा’ या ओळीतला नव्हे बरं का. तो सरळ इटालियन, बारमध्ये काम करणारा. त्यात टोमणा नाही, कामाचं नाव आहे.

कामाचं नाव म्हटल्यावर एक शब्द सांगायलाच हवा, कारण मावशींच्या दृष्टीनं या सगळ्या उत्तरात तोच महत्त्वाचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘फॅशन’ला म्हणतात ‘मोदा’. त्याला तीच शेपटी लावून शतकानुशतकं एक शब्द चालत आला आहे, ‘मोदिस्ता’. अर्थ काय? कपडे शिवणारी. बायकांचे कपडे बेतून, कापून, शिवून देणारी बाई. इटालियनमध्ये तोच शब्द बायकांच्या टोप्या करणारीला. बघा हं, घटक तेच, ‘फॅशन’ अधिक ‘-इस्टा’. पण जुन्या भाषांनी हे नाव दिलं हात चालवणारीला, आणि आताच्या इंग्रजीनं दिलं मिरवणारीला. फ्राइडचा शब्द या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी होता.

हा फरक डोळ्यांसमोर आणायचा तर न्यूयॉर्कचीच दोन माणसं घ्या. बिल कनिंगहॅम, रस्त्यावरच्या लोकांच्या कपड्यांचे फोटो काढणारा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा छायाचित्रकार. सायकलवरून हिंडायचा. अंगात कायम निळं जाकीट, फ्रान्समधले कामगार घालतात ते. 2016 मध्ये गेला, तोवर त्यानं दुसऱ्यांच्या कपड्यांशिवाय कशाचाही विचार केला नसेल. दुसरी आयरिस ॲपफेल. 2024 मध्ये 102 व्या वर्षी गेली. थाळीएवढा गोल काळा चष्मा, गळ्यात मण्यांच्या माळांची रास, मनगटापासून कोपरापर्यंत कडी. आज कुणालाही विचारा यांतली फॅशनिस्टा कोण, सगळे आयरिसबाईंकडे बोट दाखवतील. 1993 च्या अर्थानं मात्र पक्का फॅशनिस्टा तो निळ्या जाकिटातला म्हातारा. माझं मत विचाराल तर मी अजून जुन्या अर्थाच्या बाजूची आहे. स्वतः नटण्याला शब्द पुष्कळ आहेत, कपड्यांनाच धर्म मानण्याचा तो दुसरा आजार असणाऱ्यांना हा एकच होता.

आता पुरुषांचं. स्पॅनिशमध्ये ‘-इस्ता’ दोघांनाही चालतो : ‘एल आर्तिस्ता’ तो, ‘ला आर्तिस्ता’ ती. सँडिनिस्टांमध्ये दाढीवाले काही कमी नव्हते. तेव्हा व्याकरणानं ‘फॅशनिस्टा’ पुरुषालाही बिनदिक्कत लागतो. पण शब्दाला कान असतात, आणि इंग्रजी कानाला शेवटचा ‘आ’ बायकी वाटतो, त्यामुळे वापरात तो बाईकडे झुकला आहे. मी एकदा एका नटाबद्दल लिहिताना त्याला फॅशनिस्टा म्हटलं, तर त्याच्या मॅनेजरचा फोन आला, ‘ताई, तेवढा शब्द बदला ना.’ बदलून ‘स्टाइल आयकॉन’ केलं. तो त्याहून पोकळ, पण फोन आला नाही.

मराठीत याची वेगळीच गंमत होते. आपल्याकडे अस्सल घरचा आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी : घोडा, फेटा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला बहुधा स्त्रीलिंगी : माला, भाषा, कला. पाहुण्या ‘फॅशनिस्टा’ला कुठल्या पंगतीत बसवायचं? घरचा पुल्लिंगी मानला तर ‘फॅशनिस्ट्याला’ म्हणावं लागेल, ‘घोड्याला’सारखं, आणि ते ऐकून कुणी दुकानात पाऊल टाकणार नाही. म्हणून तो न वाकवता ‘फॅशनिस्टाला’, अनेकवचनी ‘फॅशनिस्टांना’ असाच चालवायचा. तो फॅशनिस्टा, ती फॅशनिस्टा, ते फॅशनिस्टा.

राहिला मराठी प्रतिशब्द. एकच असा नाही, आणि नाही तेच बरं. कारण आपल्याकडे या माणसाच्या एकेका खोडीला स्वतंत्र शब्द आहे. शेपटीच हवी असेल तर आपली ‘-बाज’ आहे, फारसीतून आलेली, मुळात ‘खेळणारा’ अशा अर्थाची. ऐटबाज, नखरेबाज, भपकेबाज. या तिघांत सुद्धा पायऱ्या आहेत. ऐटबाज हे कौतुक, नखरेबाज लाडिक, भपकेबाज सरळ निंदा. एकाच शालूला लग्नात ‘ऐटबाज’ म्हणतात आणि बारशाला तोच नेसून गेलात तर ‘भपकेबाज’. पण ‘-बाज’ एकट्या माणसाची सवय सांगतो, त्यात पक्ष नाही. पक्ष आहे ‘-करी’मध्ये. वारकरी, माळकरी, टाळकरी. व्रत घेतलेली, एका दिशेनं चाललेली माणसं. फ्राइडचा मूळ विनोद मराठीत आणायचा असता तर मी ‘फॅशनकरी’ म्हटलं असतं. आणि ‘फाकेरे’चा अर्थही ‘करणं’च, हा योग जुळतो तो वेगळाच.

‘नटणं’ आलं ‘नट’वरून, म्हणजे आपल्या भाषेनं साजशृंगाराला आधीच नाटक म्हणून टाकलंय. ‘नट्टापट्टा’ त्याच घरचा, थोडा चिडवणारा. ‘छबीदार’मध्ये संस्कृत ‘छवि’ आणि फारसी ‘-दार’ गुण्यागोविंदानं नांदतात. ‘दिमाख’ मुळात अरबी, अर्थ मेंदू. हिंदीत अजून डोकंच, मराठीत आल्यावर डोकं गेलं आणि तोरा राहिला. ‘फाकडा’ माझा लाडका. त्यात दिसणं आणि धडाडी वेगळी काढताच येत नाही. 1779 साली वडगावच्या लढाईच्या आगेमागे कार्ल्याजवळ पडलेल्या इंग्रज कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनी शत्रू असूनही ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं ते त्याच्या कोटाच्या बटणांसाठी खचितच नव्हे.

पण तुम्ही विचारलं आहे ते हौशी माणसाबद्दल, ज्याला कपड्यांचं वेड आहे त्याच्याबद्दल. तिथे मी तीन शब्द वेगळे ठेवते. नादी, शौकीन आणि दर्दी. नादी तो, ज्याचं लक्ष दुसरीकडे लागतच नाही. तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात ‘नाद खुळा’ म्हणजे परमोच्च दाद, त्यामुळे तिकडे नादी असणं ही शिवी नाही. शौकीन तो, जो नादापायी खिसा रिकामा करतो. आणि दर्दी तो, ज्याला कळतं. येवल्याला एका दुकानात मी एक आजी पाहिल्या होत्या. सुनेसाठी पैठणी घ्यायला आलेल्या. स्वतःच्या अंगावर धुऊन विटलेलं नऊवारी. दुकानदारानं पाच साड्या उलगडल्या, आजींनी एकीचीही सुलट बाजू पाहिली नाही. प्रत्येकीचा पदर उलटा केला आणि मागून बोट फिरवलं. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मोर मागूनही मोरच असतो. यंत्रावरच्या नकलेला मागे सुटे धागे लोंबतात. चार साड्या त्यांनी बोटानंच बाजूला सारल्या. ही दर्दी. या आजींना ‘फॅशनिस्टा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण फ्राइडच्या मूळ घोळक्यात त्यांना सन्मानानं जागा मिळाली असती.

आता दुकानाचं. माझं मत विचाराल तर ‘फॅशनिस्टा’ नाव टाकायला हरकत काही नाही. टोमणा मेला आहे. सांगलीत त्या नावानं कुणाला निकाराग्वा आठवणार नाही, मामा सोडून. पण या नावाची दुकानं आता गल्लोगल्ली आहेत, आणि ते नाव गिऱ्हाइकाचं वर्णन करतं, मावशींचं नाही. मावशी बेततात, कापतात, शिवतात. त्यांना शोभणारं नाव ‘मोदिस्ता’. कुणी अर्थ विचारला तर एका वाक्यात सांगता येतो, कानाला गोड आहे, आणि मराठी माणसाला त्यात ‘मोद’ ऐकू येतो तो फुकटात. पुरुषांचे कुर्ते शिवणार असाल तर खाली स्पष्ट लिहा, ‘स्त्री-पुरुषांचे कुर्ते शिवून मिळतील’. ‘लेडीज वेअर’ लिहिलंत तर मात्र पुरुष गिऱ्हाईक खरंच परत फिरेल, आणि तो दोष ‘फॅशनिस्टा’च्या ‘आ’चा नसेल.

आणि पाटी. महाराष्ट्रात 2022 पासून लहानसहान दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांहून लहान चालत नाहीत. तेव्हा जे नाव ठरेल ते देवनागरीतच मोठं दिसणार. ‘फॅशनिस्टा’च ठरलं तर रंगाऱ्याला किंवा फ्लेक्सवाल्याला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या, आणि ‘फ’वर नुसता चंद्र आहे, टिंब नाही, हे बोट ठेवून दाखवा. नाहीतर पाटीवर ‘फँशनिस्टा’ येतो. माझ्या ओळखीत अशा तीन पाट्या आहेत. दोन अजून तशाच लटकताहेत, तिसरीतलं टिंब मालकिणीनं नेलपॉलिशनं पुसलं आहे.